आतला थर

गाडी पाठवली होती त्यांनी.
निवृत्तीला अकरा वर्षं झाल्यावर पुन्हा त्याच गेटवर
माझा फोटो काढला, मोबाइल पिशवीत घालून घेतला,
डबासुद्धा उघडून पाहिला:
कळण्याची भाकर, ठेचा. जवान हसला. जाऊ दिलं.
आगीच्या लाल बादल्या तशाच टांगलेल्या,
दर मार्चला रंगवतात. वाळू तीच.

अण्वस्त्र हा शब्द आमच्या शेडमध्ये कोणी काढत नसे.
'वस्तू' म्हणायचं.
वस्तू मी कधी पाहिली नाही.
तिची लांबी ठाऊक होती, घेर ठाऊक होता,
आणि कुठे तिला काहीही टेकू द्यायचं नाही, ते.
पेट्या आम्ही भुसावळला केल्या, एक्क्याण्णव साली.
वस्तू त्यांत कुठे निजली, मालगाडीला माहीत.

टेबलाच्या टोकाला हेमांगी फालक, इंजिनिअर.
फैजपूरची निघाली, माझ्या मेव्हण्याच्या गल्लीतली.
"काका, वस्तू म्हाताऱ्या झाल्यात," म्हणाली,
घरातल्या कोणाबद्दल सांगावं तशी.
भिंतीवर तक्ता: काय बदलायचं, काय ठेवायचं.
इंधन नवं, तारा नव्या, मेंदू नवा,
शेवटच्या रकान्यात साल: २०६५.
मी बोटांवर मोजायला लागलो. मग सोडून दिलं.

अडलं होतं पेटीपाशी.
नवी पेटी हादऱ्यांच्या चाचणीत तीनदा नापास.
जुनी, तेहेतीस उन्हाळे खाल्लेली, पास.
"ड्रॉइंगमध्ये आतला थर नमद्याचा आहे, प्रत दोन.
आम्ही तोच लावला.
तुम्ही काय लावलं होतं?"

एसी चालू होता, तरी मला त्या मे महिन्याचा घाम आला.
सत्तेचाळीस अंश. पत्र्याची शेड. नमद्याचा डिंक
वितळून पेटीच्या तळाशी ओघळलेला,
आणि लीलाधर वायकोळे, आमचा फोरमन, कपाळ पुसत:
"हे काही टिकत नाही रे. मेंढीले विचारा."
साक्रीकडून भिवसन मारनर यायचा तेव्हा बाजाराला,
घोडीवर घोंगड्या लादून.
चाळीस घेतल्या. पावतीवर लिहिलं: नमदा.
साहेबांनी सही केली.
कागदाला कुठे वास येतो.

"घोंगडी," मी म्हणालो.
कोणीतरी पेन खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी साक्री. मलाही नेलं, ओळख पटवायला.
भिवसन नाही. घोडी नाही. मेंढरं विकून मुलगा सुरतेला.
म्हातारी होती, दगूबाई,
आणि तिच्या खाटेवर एकच घोंगडी, मधोमध विरलेली.
हेमांगीने तुकडा मागितला. वीतभर. काठाचा चालेल.
म्हातारी तिच्याकडे बघत राहिली.
"कोनले हिव वाजी ऱ्हायनं, माय?"

हेमांगीने माझ्याकडे पाहिलं.
अडतीस वर्षं मी फक्त मापं सांगत आलो.
"आहे एक म्हातारा," मी म्हणालो.
"त्याला जाग यायला नको."

तिने मान हलवली, जणू असे म्हातारे तिच्या माहितीतले.
विळ्याने काठ कापला.
पैसे आधी नको म्हणाली, मग मोजून घेतले.

पारोळ्याला ड्रायव्हरने काच खाली केली.
वास गेला नाही.
हेमांगीच्या मांडीवर फॉर्म, प्लास्टिकच्या पिशवीत लोकर,
पिशवीवर लिहिलेलं: नमुना एक.
'द्रव्य' या शब्दापुढे तिने काही लिहिलं, खोडलं.
"काका, पासष्ट साली पुन्हा अडलं
तर ते कोणाला गाडी पाठवतील?"

एरंडोल गेलं.
मी डबा उघडला. अर्धी भाकर उरली होती,
कडक झालेली. मोडून तिला दिली.